टोळक्यात सापडलेला सोळा वर्षांचा मुलगा

प्रश्न (कळवा): आमच्या इमारतीतील सोळा वर्षांचा मुलगा मारहाणीच्या प्रकरणात सापडला आहे. तो केवळ सोबत होता, असे घरचे सांगतात. उरलेले दोघे एकोणीस वर्षांचे आहेत. सर्वांवर एकत्रच खटला चालेल का?

उत्तर (ठाणे पश्चिम): नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 23 नुसार त्याची कार्यवाही सज्ञान आरोपींबरोबर चालवता येत नाही. ती बाल न्याय मंडळापुढे चालते, जिथे दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मात्र 'केवळ सोबत होता' एवढे म्हणून भागणार नाही, कारण समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी भारतीय न्याय संहितेनुसार प्रत्येकावर येते.

उत्तर (नेरूळ): मला येथेच खरी अडचण दिसते. या वयातील मुले एकटी जे करणार नाहीत, ते मित्रांच्या नजरेसमोर, आपण भित्रे ठरू या धास्तीने करून बसतात. म्हणून गटातील प्रत्येकाची भूमिका मंडळाने वेगळी तपासावी, असे मला मनापासून वाटते. त्या मोठ्या दोघांनी त्याला बेकायदेशीर कामासाठी वापरले असेल, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 83 अन्वये त्यांना सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. वकिलांना हे अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्याच्या आईला आजच कळवतो.