मदत हवी आहे: इंडियाना विद्यापीठाचा २०२४ चा फुटबॉल हंगाम

नमस्कार. मुलगी ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठात, शिकत असल्यामुळे मी अमेरिकन फुटबॉल मनापासून पाहू लागलो आहे. २०२३ मध्ये ३ विजय आणि ९ पराभव अशी अवस्था असलेल्या इंडियानाच्या संघाने नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्या पहिल्याच हंगामात ११ सामने जिंकले, जे त्या संघाला पूर्वी कधीच जमले नव्हते, आणि हार पत्करली ती केवळ ओहायो स्टेट व नोटर डेम यांच्याकडून. मात्र सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपले अनेक खेळाडू सोबत आणले होते आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) कर्टिस रूर्कही बाहेरूनच आला होता. मग या यशात प्रशिक्षणाचा वाटा किती आणि आयत्या मिळालेल्या अनुभवी खेळाडूंचा किती, हे सामना पाहताना कशावरून ओळखावे? मिशिगनवरील २०-१५ हा विजय उदाहरणादाखल घेऊन कोणी समजावल्यास मी आभारी राहीन.