‘माझं डोकं आकड्यांचं नाही’: या वयात हे डोक्यातून जातं का?

काठावरची

वय एक्केचाळीस. एका प्रशिक्षण संस्थेत समन्वयक आहे. तीन वर्ग, सतरा प्रशिक्षक, त्यांच्या रजा, ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर कोण कुठे जाणार, हे सगळं मी बसवते आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. आता विभागप्रमुखांची जागा रिकामी होतेय. साहेबांनी आपणहून विचारलंय. पण त्या खुर्चीवर बसायचं तर वार्षिक अंदाजपत्रक करावं लागतं आणि तिथेच माझं घोडं अडतं. आकड्यांचा तक्ता उघडला की नजर मधल्या रकान्यांवरून घसरत थेट शेवटच्या बेरजेवर जाते. मग फाइल शेजारच्या सहकाऱ्याकडे. "जरा बघ ना." तो बिचारा बघतो.

सातवीत गणिताच्या बाईंनी माझी वही वर्गाला दाखवून "हिच्याकडून आकड्यांची अपेक्षा ठेवू नका" असं म्हटलं होतं. घरीही "आपल्याकडे गणित कुणालाच नाही" हे कौतुकाने सांगतात. रोज सकाळी "मला जमतं, मला जमतं" म्हणून पाहिलं. आतून लगेच कुणीतरी "हो का!" म्हणतं.

महिनाअखेर उत्तर द्यायचंय. "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा.

भिडू

हो म्हणून टाका. पाण्यात पडलं की पोहता येतं.

जुना_फळा

भिडू, पाण्यात पडलेले सगळेच पोहत नाहीत. काही जण जन्मभर काठाकडे फिरकत नाहीत. प्रौढांना गणित शिकवण्यात माझी हयात गेली, असे कित्येक पाहिलेत.

काठावरची, तो "हो का!" म्हणणारा आवाज जगावेगळा नाही. २००९ साली मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल मुळातच कमी मत असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनाशी घोकायला लावलं, तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य घोकलं की मन त्याच्याविरुद्ध पुरावे शोधत बसतं. तेव्हा ते सकाळचं पाठांतर बंद करा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ ही भावना कशातून येते ते मांडलं. स्वतः करून पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था, म्हणजे धडधड वगैरे. यात सगळ्यात वजनदार पहिला. आणि तोच तुम्ही शेजाऱ्याला देऊन टाकता. फाइल सरकली की सुटल्यासारखं वाटतं, आणि बाईंचं वाक्य न तपासताच आणखी एक वर्ष पुढे जातं.

पण मला खरं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तीन वर्ग आणि सतरा प्रशिक्षकांचं वेळापत्रक तुम्ही काय शब्दांनी बसवता? तुम्हाला जे जमतं ते तुम्ही आकड्यांत धरतच नाही, मग आकडे जमत नाहीत हे कायमच खरं ठरणार!

एक करा. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकातलं एकच खातं घ्या, प्रवासखर्चाचं. उघडण्याआधी कागदावर लिहा: काय होईल असं वाटतं, आणि त्याची किती टक्के खात्री आहे. मग उघडा. मंजूर १२० आणि खर्च १३८ असेल तर १८ जास्त, म्हणजे मंजुरीच्या १५ टक्के. अंदाजपत्रकातलं बरंचसं गणित याच पातळीचं असतं, अवघड असतं ते ‘का वाढला’ हे सांगणं. काम झाल्यावर त्याच कागदावर खाली प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. आधी भाकीत, मग पडताळा. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या, स्वतःचे विचार तपासून पाहायला लावणाऱ्या उपचारपद्धतीत हे सर्रास करून घेतात. छातीत धडधडलं तर थांबू नका, फक्त वेग कमी करा. धास्तीत मनाची थोडी जागा काळजीच अडवून बसते, म्हणून साधी वजाबाकीही जड जाते.

तिसरी_बाजू

फळासाहेबांशी सहमत, पण प्रत्येक ‘जमत नाही’ हा निव्वळ समज नसतो. काहींना लहानपणापासून घड्याळ वाचणं, सुटे पैसे मोजणं, दोन आकड्यांतला मोठा ओळखणं यातच खरी अडचण असते. त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात आणि त्याची तपासणी होते. काठावरचींच्या वर्णनावरून तसं दिसत नाही, पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं.

आणि एक आगाऊ प्रश्न. ती खुर्ची तुम्हाला हवीय का? नको असेल तर आकड्यांच्या आड लपू नका, सरळ नको म्हणा.

काठावरची

आगाऊ प्रश्नाचं उत्तर: हवीय. चांगलीच हवीय.

प्रवासखर्चाचं खातं काल काढलं. कागदावर लिहिलं होतं, "मध्येच डोकं बंद पडेल, फाइल शेजारी जाईल. खात्री ८० टक्के." डोकं एकदा बंद पडलं. टक्के मंजूर रकमेवर काढायचे की खर्चावर, तिथे. वर फळासाहेबांचं वाक्य परत वाचलं. बेरीज जुळली. ‘का वाढला’ तर मला तक्त्याआधीच ठाऊक होतं: एक प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी बाहेरगावच्या एकांना बोलवत राहिले ती मीच. शेजाऱ्याला हे कधीच कळलं नसतं, तो ‘इतर’ लिहून मोकळा झाला होता.

खात्री आता ५० वर आलीय. शून्यावर नाही, खोटं कशाला सांगू. पुढच्या खात्यावर ‘घसारा’ लिहिलंय. हे काय प्रकरण आहे?

जुना_फळा

वस्तू घेतली त्याच वर्षी सगळी किंमत खर्चात न धरता, ती जितकी वर्षं वापरणार तितक्या वर्षांत वाटून धरायची. ५० ची वस्तू ५ वर्षं टिकणार असेल तर साध्या पद्धतीने दरवर्षी १०. आधी भाकीत लिहा, मगच खातं उघडा. अडलात तर तुमचा तक्ता इथे टाका, नावं काढून.