एकाच नावाचा आजार, तीन घरांत तीन उपचार: असे का?

निपाणीकर:
सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केले आणि डाव्या गालात तंबाखूचा बार धरण्याची त्यांची सवय फार जुनी आहे. नेमक्या त्याच जागी पांढरट कडांचा व्रण झाला. महिना उलटला तरी तो भरून आला नाही, आमटीचा घोट घेतला तरी झोंबू लागला आणि आता तोंडात दोन बोटेही जेमतेम जातात. तुकडा तपासल्यावर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे गालाच्या अस्तराचा कर्करोग, असा अहवाल आला असून डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन सांगितले आहे. शेजारच्या काकूंना स्तनाच्या कर्करोगासाठी मात्र प्रथम केमोथेरपी दिली होती, आणि मामेबहिणीच्या मुलाला रक्ताचा कर्करोग असून त्याची शस्त्रक्रिया झालीच नाही. आमच्यावर योग्य तेच उपचार होत आहेत, हे कसे ओळखावे? शिवाय शस्त्र लागले की हा रोग पसरतो, असे गावात सांगतात. त्यामुळे आई फार धास्तावली आहे.

बेळगावची परिचारिका:
आपल्या आईंची धास्ती मी समजू शकते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. तपासणीसाठी व्रणाचा तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. आपल्याकडे बहुतेक रुग्ण फार उशिरा येतात. तोवर रोग मानेतील लसीका ग्रंथींत (ज्यांना आपण मानेतील गाठी म्हणतो) उतरलेला असतो, शस्त्रक्रियेनंतर तो दुसरीकडे दिसू लागतो आणि सगळा दोष शस्त्रावर येतो. या समजुतीपायी वाया जाणारे महिने रुग्णाला सर्वांत महाग पडतात.

आता मूळ प्रश्न. कर्करोग हे शेकडो रोगांचे मिळून एक नाव आहे. अवयवांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून उद्भवतो तो कार्सिनोमा; हाड, स्नायू, चरबी यांतून सार्कोमा; लसीका ग्रंथींतून लिम्फोमा; आणि रक्तपेशी जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेतून ल्युकेमिया. ल्युकेमियात रोग रक्ताबरोबर शरीरभर फिरत असल्याने कापून काढण्याजोगी गाठच नसते. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात दोन ते तीन वर्षे टप्प्याटप्प्याने औषधे देतात, काही औषध पाठीच्या कण्यातील द्रवातही सोडतात, आणि उपचार मध्येच न सोडल्यास बहुसंख्य मुले बरी होतात. स्तनाच्या गाठीत संप्रेरकांचे ग्राहक (हार्मोन रिसेप्टर) आहेत का, हर-टू हे प्रथिन वाढले आहे का, हे तपासून औषध ठरते. मोठी गाठ लहान करण्यासाठी केमोथेरपी आधी देतात. असे ग्राहक असतील, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पुढे पाच वर्षे किंवा अधिक काळ घ्यावी लागते.

गालाचा कर्करोग बराच काळ त्याच भागात राहतो व नंतर मानेतील गाठींकडे सरकतो. म्हणून व्रण भोवतालच्या निरोगी भागासह काढतात, मानेतील गाठी काढतात, प्रसंगी जबड्याच्या हाडाचा काही भागही काढावा लागतो आणि छाती, हात किंवा मांडीवरील मांस-त्वचा लावून गाल पुन्हा उभा करतात. काढलेल्या भागाचा अहवाल आल्यावरच पुढचे ठरते. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालते. कडेवर रोग राहिला असेल किंवा मानेतील गाठीचे आवरण फोडून बाहेर आला असेल, तर सोबत सिस्प्लाटिन हे औषधही देतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम या रोगासाठी रीतसर आहे.

खानापूरकर:
आमच्या अण्णांची अशीच शस्त्रक्रिया झाली. रेडिएशनपूर्वी दंतवैद्यांना अवश्य दाखवा, कारण किडके दात आधीच काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाकातून नळी असते. तिच्यातून आम्ही आहारतज्ज्ञांना विचारून दूध, डाळीचे पाणी आणि गाळलेली नाचणीची आंबील देत होतो. जबडा उघडण्याचा व्यायाम कंटाळा आला तरी सोडू देऊ नका. आणि घरातील तंबाखूची चंची आजच बाहेर जाऊ द्या. उपचार चालू असताना तंबाखू सुरू राहिली तर जखम नीट भरत नाही आणि रोग उलटण्याचा धोकाही वाढतो.

निपाणीकर:
तिघांच्या रोगांतील फरक आता आईलाही समजावून सांगता येईल, फार आभारी आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, असे भावाचे म्हणणे आहे. त्यात वेळ जाईल का?

बेळगावची परिचारिका:
दुसरे मत जरूर घ्या. मात्र त्यासाठी ठरलेली शस्त्रक्रिया बेमुदत पुढे ढकलू नका. जाताना केवळ अहवालाची झेरॉक्स पुरत नाही. ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला, तेथून काचेच्या स्लाइड आणि मेणातील ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्या, नाहीतर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते. स्कॅनची सीडीही सोबत ठेवा. बेंगळुरूची किडवाई कर्करोग संस्थाही याच कामासाठी आहे.

खर्चासाठी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी सामान्यतः सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही जाहीर केली आहे. मुंबईला जाणार असाल तर आपले गाव त्या यादीत आहे का आणि ते रुग्णालय कोणते कार्ड स्वीकारते, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. येथील अर्ज कन्नडमध्ये असतात. सही करण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) प्रत्येक रकाना समजून घ्या आणि आधारकार्डावरील व रेशनकार्डावरील वडिलांचे नाव अक्षरशः जुळते का, ते पाहा.