शब्दचर्चा : ‘विद्यापीठाची निर्गुंतवणूक’ म्हणजे विद्यापीठ विकायला काढलं का?

भाषांतरवाली :
एका मासिकासाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठावरचा लेख मराठीत आणते आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये या विद्यापीठानं ठरवलं की कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांत नवा पैसा घालायचा नाही, आणि आहे तो दहा वर्षांत काढून घ्यायचा. युरोपात असं ठरवणारं ते पहिलं विद्यापीठ. अशा कंपन्यांत त्यांचे सुमारे १ कोटी ८० लाख पौंड होते. विद्यार्थी वर्षभर मागे लागले होते, तेव्हा कुठे हे झालं. मूळ लेखात पानोपानी ‘डायव्हेस्टमेंट’ आहे. मी सवयीनं ‘निर्गुंतवणूक’ लिहून मोकळी झाले.

मसुदा आईला वाचायला दिला. वरच मथळा होता : ‘विद्यापीठाची निर्गुंतवणूक, विद्यार्थ्यांचा विजय’. आईनं चष्मा वर केला. “अगं, विद्यापीठ विकायला काढलंय आणि पोरं आनंदात कशी?” आई पस्तीस वर्षं रोज पेपर वाचते, त्यामुळे तिचं चुकलं असंही म्हणता येईना. दुसरा शब्द आहे का आपल्याकडे?

निवृत्त बँकवाला :
ताई, शब्द ठरलेला आहे, त्याला हात लावू नका. १९९९ मध्ये केंद्रात सरकारी कंपन्यांतले हिस्से विकायला निर्गुंतवणूक खातं निघालं, पुढे त्याचं मंत्रालय झालं, अरुण शौरी मंत्री होते. २००१ मध्ये बाल्को या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा ५१ टक्के हिस्सा साधारण साडेपाचशे कोटींना गेला, पुढच्या वर्षी व्हीएसएनएल ही दूरसंचार कंपनी टाटांकडे गेली. तेव्हापासून मराठी पेपर हाच शब्द छापताहेत. आता नवा काढलात तर वाचकाला दोन शब्द शिकावे लागतील.

व्युत्पत्तीवेडा :
काका, घोळ तिथेच आहे. तो शब्द सरकारनं इतका वापरला की त्याचा अर्थच सरकारी झाला. ‘एअर इंडियाची निर्गुंतवणूक’ म्हटलं की एअर इंडिया विकली. म्हणजे ‘ची’च्या आधी जे येतं ते विकलं जातं. त्याच चालीवर ‘विद्यापीठाची निर्गुंतवणूक’ वाचलं की विद्यापीठ विकलं. आणि ‘कोळसा कंपन्यांची निर्गुंतवणूक’ लिहिलंत तर वाचक म्हणणार, कोल इंडियाचा आणखी एक तुकडा बाजारात आला वाटतं.

ताईंना हवं आहे ते ‘ची’नं साधत नाही, ‘तून’नं साधतं. कंपन्यांतून पैसा काढणं. आणि ‘कंपन्यांतून निर्गुंतवणूक’ हे मराठी कानाला खडबडीत लागतं, कारण मराठीत गुंतवणूक ‘त’ होते, पण तिच्या उलट क्रियेला आपण क्रियापदच बनवलेलं नाही. कुणी ‘मी निर्गुंतवलं’ म्हणतं का?

शिवाय शब्दाची घडणही पाहा. निर् हा संस्कृत उपसर्ग, गुंतवणूक हा अस्सल मराठी शब्द. निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्दोष म्हणजे दोष नसलेला. त्या न्यायानं निर्गुंतवणूक म्हणजे गुंतवणूक नसणं. होती ती काढून घेतली, ही क्रिया त्यात कुठे आहे? निःशस्त्रीकरणात निदान शेवटी ‘करण’ तरी आहे.

निवृत्त बँकवाला :
निश्चलनीकरणातही ‘करण’ होतं. लोकांनी नोटबंदी म्हटलं.

क्लाइडकाठी :
मी ग्लासगोतच शिकलो, आता इथेच नोकरी करतो. शब्दाचं तुम्ही बघा, पण ताई, दोन सापळे आधी सांगून ठेवतो. या विद्यापीठाच्या सर्वोच्च कार्यकारी मंडळाला इथे ‘कोर्ट’ म्हणतात, आणि डायव्हेस्टमेंटचा निर्णय त्या कोर्टानं घेतला. कृपा करून ‘न्यायालयानं निकाल दिला’ असं लिहू नका. दुसरा सापळा त्याहून गंमतशीर. कोर्टाचं अध्यक्षपद ‘रेक्टर’कडे असतं, आणि रेक्टरला विद्यार्थी मतदान करून निवडतात. २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकी हेरखात्याची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला निवडलं होतं, तो तेव्हा रशियात. आपल्याकडे रेक्टर म्हणजे वसतिगृहात दहानंतर दार बंद करणारे गृहस्थ.

भाषांतरवाली :
अरे बापरे. ‘न्यायालय’ लिहिलेलं आहे. दोन ठिकाणी.

माजी मुख्याध्यापक :
‘बहिष्कार’ का नको? टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला बसलेला शब्द. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती याच शब्दाखाली. नैतिक धार हवी असेल तर याच्याइतका धारदार शब्द मिळणार नाही.

क्लाइडकाठी :
मास्तर, धार आहे, पण बहिष्कार गिऱ्हाईक घालतं. ही मागणी मालकाकडे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या चळवळीत दोन्ही झालं आणि फरक तिथे नीट दिसतो. बार्कलेज बँकेचा धंदा तिथे होता म्हणून ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी तिच्यात खाती उघडायचं टाळलं, वर्षानुवर्षं. हा बहिष्कार. १९८६ मध्ये बार्कलेज तिथून बाहेर पडली. अमेरिकेत विद्यार्थ्यांनी विद्यापीठांना धरलं : तुमच्या निधीत त्या देशात धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आहेत, म्हणजे वर्णद्वेषातून होणाऱ्या नफ्याचे तुम्ही वाटेकरी आहात, ते विका. हॅम्पशायर कॉलेजनं १९७७ मध्येच विकले. कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये हॅमिल्टन हॉलच्या दाराला साखळ्या लावून धरणं धरलं. कॅलिफोर्निया विद्यापीठानं १९८६ मध्ये मान्य केलं, तिथे आकडा तीन अब्ज डॉलरच्या घरात होता.

दुधावर बहिष्कार म्हणजे दूध घ्यायचं नाही. हे म्हणजे डेअरीतली भागीदारी सोडणं.

थोडं अवांतर, पण शब्दांचीच गोष्ट आहे. ग्लासगोत दक्षिण आफ्रिकेची वकिलात स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत होती, सेंट जॉर्जेस प्लेसवर. १९८६ मध्ये नगरपालिकेनं त्या जागेचं नाव बदलून नेल्सन मंडेला प्लेस केलं. मंडेला तुरुंगात, आणि त्यांना डांबणाऱ्या सरकारच्या वकिलातीच्या पत्त्यात त्यांचंच नाव.

निवृत्त बँकवाला :
हे फार आवडलं. पण हिशेब पुरा सांगा. शेअर विकले म्हणजे कुणीतरी घेतले. कंपनीच्या तिजोरीतून एक पैसा कमी होत नाही. नंतरच्या अभ्यासांतही या विक्रीनं शेअरच्या भावावर फारसा परिणाम झाल्याचं दिसलं नाही. दक्षिण आफ्रिकेला खरा दणका दिला तो बँकांनी. १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन या अमेरिकी बँकेनं कर्जांची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, त्यांचं पाहून इतरांनीही दिला, आणि तिथलं चलन, रँड, कोसळलं. म्हणून मी म्हणेन, तुमच्या विद्यापीठानं जे केलं त्याला मराठीत ‘हात झटकणे’ असा चांगला वाक्प्रचार आहे.

भाषांतरवाली :
काका, हा टोमणा झाला, भाषांतर नाही! पण टोमणा नोंदवून ठेवते. लेखात विरोधकांची बाजू एका परिच्छेदात आहे, ती अशीच आहे : शेअर ठेवा, सभेला जा, आतून प्रश्न विचारा. तिथे ‘हात झटकणे’ चपखल बसेल.

माजी मुख्याध्यापक :
मग बाजू घेणाऱ्यांसाठी ‘अंग काढून घेणे’. अर्थ तोच, पण निंदा कमी.

व्युत्पत्तीवेडा :
वा मास्तर! आणि तुम्ही नकळत लॅटिनपर्यंत पोचलात. डायव्हेस्टच्या मुळाशी वस्त्र आहे, अंगावरचं उतरवणं. इन्व्हेस्ट म्हणजे वस्त्र चढवणं. इंग्रजीत त्याला पैशाचा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तोही ईस्ट इंडियाच्या व्यापाराच्या संदर्भात. पैशाला मालाचं रूप द्यायचं, म्हणजे नवे कपडे घालायचे, अशी काहीशी कल्पना. ते कपडे आपल्याच खर्चानं शिवले गेले हा भाग वेगळा.

मराठीनं कपड्यांचा विचारच केला नाही. आपल्याकडे पैसा गुंततो. गुंता, गुंतवळ, गुंतागुंत, सगळी एकाच घरची मंडळी. धागा अडकला की सुटत नाही, तसा पैसा अडकतो. मग उलटा शब्द निर् लावून कशाला शोधायचा? गुंत्याच्या उलट सोडवणं. गुंतवणूक आणि सोडवणूक! ‘प्रश्नाची सोडवणूक’ आपण रोज म्हणतो. ‘विद्यापीठानं कोळशातून पैसा सोडवून घेतला.’ बघा कसं वाहतं.

निवृत्त बँकवाला :
वाहतं, पण बँकेत बसलेल्याला विचारा. सोडवतात ते गहाण. आणि गहाण सोडवताना पैसे आपण भरतो. इथे विद्यापीठाला पैसे मिळताहेत.

व्युत्पत्तीवेडा :
मान्य. पण गहाण सोडवल्यावर माणूस जो सुस्कारा टाकतो तो या विद्यार्थ्यांच्या मागणीत आहेच.

माजी मुख्याध्यापक :
तुळशीपत्र? ‘शेअरवर तुळशीपत्र ठेवलं.’

निवृत्त बँकवाला :
मास्तर, तुळशीपत्र ठेवल्यावर बदल्यात काही घ्यायचं नसतं. ग्लासगोनं ते पैसे दान केले नाहीत, दुसरीकडे लावले.

माजी मुख्याध्यापक :
बरोबर. मागे घेतो. मुळात आपल्याकडे हा शब्द नाही याला कारण आहे असं मला वाटतं. मी एका शिक्षणसंस्थेचा विश्वस्त होतो. दात्यांनी दिलेल्या पैशाची कायम ठेव, तिच्या व्याजातून पारितोषिकं. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ३५ सांगतं की न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा : बँक, टपाल बचत, सरकारी रोखे. कंपन्यांचे शेअर घ्यायला आम्ही धजलोच नसतो. ज्यात पडलोच नाही त्यातून बाहेर पडायला शब्द कशाला लागेल?

क्लाइडकाठी :
विद्यापीठांपुरतं खरं आहे, पण प्रश्न इथवर आलेला आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात (हे खरंच न्यायालय!) जनहित याचिका दाखल झाली होती की आयुर्विमा महामंडळ आणि इतर सरकारी विमा कंपन्यांनी आयटीसीसारख्या तंबाखूच्या कंपन्यांत पैसा ठेवू नये. एका हातानं आरोग्याचा विमा, दुसऱ्या हातात सिगारेटच्या कंपनीचे शेअर. ती मागणी शब्दशः ग्लासगोच्या पोरांचीच. आणि तिथे ‘निर्गुंतवणूक’ म्हटलं तर पुन्हा आईंसारखाच गोंधळ : सरकार विमा कंपनी विकतंय की विमा कंपनी शेअर विकतेय?

व्युत्पत्तीवेडा :
इंग्रजीनंही हा गोंधळ केलेला आहे, म्हणून मराठीनं लाजायला नको. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पुष्कळ जण दोन शब्द वेगळे ठेवत. जनरल मोटर्स आणि आयबीएम १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघाल्या, ती ‘डिसइन्व्हेस्टमेंट’. विद्यापीठानं जनरल मोटर्सचे शेअर विकले, ती ‘डायव्हेस्टमेंट’. पहिल्यात कंपनीनं देश सोडला, दुसऱ्यात भागधारकानं कंपनी सोडली. पण बोलताना लोक सर्रास सरमिसळ करत, आणि आपण सरकारी विक्रीसाठी उचलला तो पहिला शब्द.

आणि जाता जाता, हा शब्द टाळायचीही एक कला आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी जवळपास दहा वर्षं मागणी लावून धरली, २०१९ मध्ये येलबरोबरच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदानात बसले. सप्टेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांचं पत्र आलं : अशा कंपन्यांत आमची थेट गुंतवणूक आता नाही, पुढे करायचा विचार नाही, जुन्या फंडांत अडकलेलं हळूहळू संपेल. सगळं मान्य, फक्त ‘डायव्हेस्ट’ हे क्रियापद पत्रात नाही. विद्यार्थ्यांनी ते स्वतः उच्चारून विजय साजरा केला.

निवृत्त बँकवाला :
दिल्लीनंही तेच केलं की. २०१६ मध्ये निर्गुंतवणूक खात्याचं नाव बदललं : गुंतवणूक आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन विभाग. निर् गळाला, विक्री चालूच. चला, एवढ्यावर मी माझा हट्ट सोडतो. ताई, ‘निर्गुंतवणूक’ वापरू नका.

भाषांतरवाली :
काका, तुम्ही हट्ट सोडलात हे आईला सांगते.

शेवटी असं केलं : मथळा ‘कोळशातून अंग काढून घ्या!’, कारण विद्यार्थ्यांची ती हाक आहे आणि हाकेत नाम कशाला हवं. मजकुरात सगळीकडे क्रियापद, ‘पैसा काढून घेणे’ किंवा ‘शेअर विकून बाहेर पडणे’. पहिल्या उल्लेखाला ‘डायव्हेस्टमेंट’ देवनागरीत ठेवलं आहे, म्हणजे पुढे कुणाला शोधायचं असेल तर शोधता येईल. ‘सोडवणूक’ एकदाच वापरली, शेवटच्या परिच्छेदात, जिथे एक विद्यार्थिनी म्हणते की आता पदवीचा कागद हातात घ्यायला बरं वाटेल. तिथे ती बसते. ‘हात झटकणे’ विरोधकांच्या तोंडी. न्यायालयाचं कार्यकारी मंडळ केलं. रेक्टरला ‘विद्यार्थ्यांनी निवडलेला अध्यक्ष’ म्हटलं.

एकच राहिलं. विद्यापीठाच्या त्या सगळ्या निधीला, १२ कोटी ८० लाख पौंडांच्या, मी मास्तरांच्या सल्ल्यानं ‘कायम ठेव’ लिहिलं होतं. संपादकांनी खोडून ‘गंगाजळी’ केलं.

माजी मुख्याध्यापक :
गंगाजळीत खनिज तेल? राहू द्या, राहू द्या. बदलू नका.