तीन गाण्यांचे सगळे हक्क ६० हजारांत मागतायत, देऊ का?

साधासूर
नमस्कार मंडळी, एरवी मी नुसता वाचत असतो पण आज विचारल्याशिवाय राहवेना. मूळचा साताऱ्याचा, आठ वर्षं पुण्यात आहे, स्वतःची मराठी गाणी लिहितो, चाली लावतो, गातो. हार्मोनियमच्या शिकवण्या घेतो त्यातून भाडं आणि किराणा निघतो. दीड वर्षात तीन गाणी काढली, एकेकाला स्टुडिओ, तबला, गिटार, मिक्सिंग धरून ३० हजार गेले, व्हिडिओ मित्रानं फुकट केला म्हणून तेवढ्यावर भागलं. तिन्हींचे मिळून ३५ हजार स्ट्रीम झाले आणि हातात आले १,७४० रुपये, त्यातच डिस्ट्रिब्युटरची (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) वर्षाची फी भरायची. आता एक म्युझिक कंपनी तिन्ही गाणी ६० हजारांना घ्यायला तयार आहे, पण करारात "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर" असं लिहिलंय. पुढच्या महिन्यात घराचं ॲग्रीमेंट संपतंय, नवीन डिपॉझिट भरायचंय, म्हणून हात शिवशिवतायत सही करायला. पण ही गाणी माझी आहेत हो, रात्र रात्र जागून केलेली. काय करू?

बेसवाला
भावा, १,७४० बघून खचू नकोस, सगळ्यांचं असंच आहे. मुळात एका स्ट्रीमला अमुक पैसे असा ठरलेला दर नसतोच, स्पॉटिफायकडं जमा झालेल्या पैशातला ठराविक भाग सगळ्या गाण्यांत ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, आणि आपल्याकडं सबस्क्रिप्शन स्वस्त, त्यात बहुतेक लोक जाहिराती सोसून फुकट ऐकणार, मग वाटायला उरतंच किती. २०२४ पासून तर ज्या गाण्याचे आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे ते देतच नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं गेलं पाहिजे (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). मी हल्ली स्ट्रीमिंगला कमाई धरतच नाही, आयोजकाला पाठवायला लिंक झाली एवढंच. पैसा कार्यक्रमातच आहे. कोजागिरी, दिवाळी पहाट, सोसायट्यांचे गणपती, यासाठी जूनपासूनच फोन करायला लागतात, सप्टेंबरात विचारलंस तर सगळं ठरलेलं असतं. आणि आयोजकानं १० टक्के टीडीएस कापला असेल तर रिटर्न भर, उत्पन्न कमी असेल तर ते पैसे परत मिळतात, आपल्यातले कितीतरी जण ते तसेच सोडून देतात.

मृण्मयी_व
सही करू नका, निदान आहे त्या मसुद्यावर तरी नको. मी कराराचीच कामं करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचा खर्च तुम्ही केलाय म्हणजे आज दोन्ही तुमच्याकडं आहेत. डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे, शब्द-चालीची रॉयल्टी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था गोळा करते आणि तिथं सदस्य नसाल तर ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. आधी सदस्य व्हा.
आता "कायमस्वरूपी" का लिहिलंय ते बघा. कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ते दोन शब्द मुद्दाम घातलेले असतात. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. त्यांना सांगा की विकत नाही, ३ किंवा ५ वर्षांसाठी वापरायला देतो, आणि मुदत संपली की सगळं परत माझं.

सांगलीची_ढोलकी
ताईंनी सांगितलं ते बरोबर, मी माझं सांगतो. ९६-९७ च्या सुमाराला मी भक्तिगीतांच्या कॅसेटींवर ढोलकी वाजवायचो, दिवसाला तीन-तीन गाणी, संध्याकाळी व्हाउचरवर सही आणि रोख पैसे खिशात, तेव्हा राजा असल्यासारखं वाटायचं. त्यातल्या एका गाण्याची चाल माझी होती, तीही त्याच व्हाउचरवर गेली. ते गाणं आजही आमच्याकडं जत्रेत लागतं, यूट्यूबवर लाखो लोकांनी ऐकलंय, आणि मला तेव्हाचे ३०० रुपये सोडून काही आलं नाही, नावसुद्धा नाही. नातू विचारतो आजोबा हे तुमचं ना, काय सांगू त्याला. डिपॉझिटचं उसनंपासनं करून भागव बाळा, पण चाल विकू नकोस.

साधासूर
सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. कंपनीला मेल केला की एकच गाणं, ३ वर्षांसाठी, बाकी दोन नाहीत. अजून उत्तर नाही. डिपॉझिटचे २५ हजार मित्र देतोय, उरलेले दोन हप्त्यांत द्यायला घरमालक तयार झालेत. मृण्मयीताई, एक राहिलं, दुसऱ्या गाण्याचे शब्द माझ्या मावसभावाचे आहेत, तोंडीच ठरलं होतं, त्याला काही करावं लागेल का?

मृण्मयी_व
हो, त्यानं गीतकार म्हणून आयपीआरएसचं वेगळं सदस्य व्हायचं आणि गाणं नोंदवताना दोघांची नावं द्यायची. कुणाचा किती वाटा ते आत्ताच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. गाणं चाललं की मग हे बोलणं फार अवघड होतं.