सत्तरीनंतर खासगी आरोग्य विम्याचे हप्ते भरत राहावे का?

निवृत्त हिशेबनीस, अशोक चौक

पॉलिसीच्या नूतनीकरणाचा महिना आला की आमच्या घरी दरवर्षी हाच वाद होतो. माझे वय बहात्तर आणि पत्नीचे सदुसष्ट आहे. दोघांच्या मिळून तीन लाखांच्या पॉलिसीचा हप्ता आता चाळीस हजारांपुढे गेला आहे. माझे मत असे की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हा हप्ता बंद करून तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाकावी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांसाठी एक दिवसही थांबावे लागत नाही.

खासगी विम्याचा अनुभव मात्र असा आहे. पत्नीला गेल्या वर्षी रुग्णालयात दाखल केले, तेव्हा बिल १,२०,००० रुपये झाले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये होती, आणि आम्हाला मिळालेली खोली ६,००० रुपयांची होती. त्यामुळे औषधांचे ३०,००० वगळता उरलेल्या ९०,००० रुपयांचे थेट निम्मे झाले. ते ४५,००० आणि औषधांचे ३०,००० मिळून झालेल्या ७५,००० मधून पॉलिसीच्या अटीप्रमाणे वीस टक्के वाटा आमचा, म्हणून हातात ६०,००० पडले. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसालाही खोलीभाड्याची ही अट डॉक्टरांच्या फीला आणि शस्त्रक्रियेच्या खर्चालाही लागू होते हे बिल हाती येईपर्यंत कोणी सांगितले नाही. ज्याला अटी वाचता येत नाहीत, त्याने कोणाच्या भरवशावर हप्ता भरायचा?

रुग्णालयाच्या विमा कक्षात काम करणारी, होटगी रोड

काका, आपला संताप रास्त आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. आपले कार्ड आपल्यापुरते आहे. काकूंना सत्तरी गाठायला तीन वर्षे आहेत आणि आपण बंद करायला निघालात ती पॉलिसी दोघांची आहे. १ एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसी घेण्यासाठी पासष्ट वर्षांची अट उरलेली नाही हे खरे. तरीही नव्याने घेतल्यास जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. आपल्या जुन्या पॉलिसीत हा काळ केव्हाच संपला असेल. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झाले की आजार लपवल्याचे कारण देऊन, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीला दावा नाकारता येत नाही. इतक्या वर्षांच्या हप्त्यांनी मिळवलेला हा हक्क एका नूतनीकरणाला सोडून देऊ नये.

कार्डाच्याही मर्यादा आहेत. उपचार योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच होतात, दर सर्वसाधारण वॉर्डाचे धरलेले असतात, आणि घरातील दोघेही सत्तरीपुढचे झाले तरी ते ५ लाख दोघांत मिळूनच असतात. आमच्याकडे सोलापूरला विजापूर, कलबुर्गी, धाराशिव अशा सगळीकडून रुग्ण येतात. त्यांपैकी कित्येकांना आपले रुग्णालय यादीत आहे की नाही हे दाराशी आल्यावर कळते, आणि छातीत दुखत असलेल्या वडिलांना घेऊन दुसरीकडे निघालेला मुलगा पाहणे फार कठीण जाते.

हप्त्याबाबत सांगायचे तर, ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून राहिलेला नाही.

यंत्रमाग कामगाराचा मुलगा, अक्कलकोट रोड

आपण दोघेही हप्ता भरू शकणाऱ्यांबद्दल बोलत आहात. आमच्या वस्तीत चाळीस हजारांचा हप्ता हा विषयच निघत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. काकूही त्यात बसतात, हे कोणीच का म्हणाले नाही? माझ्या आईचे ऑपरेशन त्यातूनच झाले आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राने कागदपत्रे नीट करून दिली. आम्हाला खरा मार बसतो तो दरमहा लागणाऱ्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा. दाखल झाल्याशिवाय या योजना पैसे देत नाहीत, आणि बहुतेक खासगी पॉलिसीही देत नाहीत. वयोवृद्धांच्या खर्चाची चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

निवृत्त हिशेबनीस, अशोक चौक

गोळ्यांचा मुद्दा मला पटतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे: ठेवीतला पैसा औषधांनाही लागतो, हप्त्यातला लागत नाही. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट हप्त्यावर मिळते, तशी विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चावरही मिळते. पत्नीचा विमा मी चालू ठेवीन. माझ्या स्वतःच्या नावाने मात्र आणखी हप्ता भरण्याचे कारण मला अजून दिसत नाही.

रुग्णालयाच्या विमा कक्षात काम करणारी, होटगी रोड

काका, दोन-तीन लाखांची ठेव एका अँजिओप्लास्टीत संपते आणि दुसऱ्या आजारपणासाठी शून्यापासून सुरुवात होते, म्हणून मी अजूनही असहमत आहे. निदान काकूंचे नाव वेगळे काढताना कंपनीकडून लेखी घ्या की त्यांचा पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ कायम राहील. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या दुसऱ्या कंपनीकडे ती पॉलिसी नेता येते. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि आजारांची माहिती पाहून नवी कंपनी नकारही देऊ शकते, तेव्हा होकार हातात येईपर्यंत जुना हप्ता थांबवू नका. त्या ६०,००० रुपयांच्या हिशेबाबद्दल शंका असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बिलाची आणि मंजुरीपत्राची प्रत घेऊन आलात तर अर्ज लिहायला मी बसेन.