कानावर आदळणारे रोजचे आवाज: तुमचेही अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. आठवड्यातले तीन दिवस मी पुणे-मुंबई ट्रेनने ये-जा करते, पहाटे साडेचारला उठून डबा करून निघायचं, त्यामुळे गाडीत टेकल्यावर जरा डोळा लागावा एवढीच इच्छा असते. आणि शेजारचा माणूस मोबाईल फुल्ल आवाजात लावून रील्स बघायला लागतो. एखादं अख्खं गाणं असतं तर एकवेळ सहन झालं असतं हो, पण हे पाच सेकंद ढोलकी, मग कुणाचं तरी खिदळणं, तेच खिदळणं परत, मग भजन, मग शेअर मार्केट. लोणावळा सुटलं की घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, तेवढा वेळ शांत होतं आणि तेव्हा लक्षात येतं की आपण मघापासून दात आवळून बसलोय. ट्रेनमध्ये रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नयेत, फोनवर जोरात बोलू नये, अशा सूचना रेल्वेने 2022 मध्ये काढल्या, पण सकाळच्या गाडीत कोण कुणाला बोलणार? वाद नको म्हणून आपण गप्प बसतो, आणि आपण गप्प म्हणून समोरच्याला कळतच नाही की त्रास होतोय, असं मला आता पक्कं वाटायला लागलंय. तुम्हाला कुठला आवाज नकोसा होतो? कुणाला सांगून बघितलंत का, मग काय झालं? सविस्तर लिहा.

*

मी नर्स आहे, जिल्ह्याच्या गावी, बाळंतिणींच्या वॉर्डला. खिडकीखालीच रस्ता. दवाखान्यापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तशी पाटीपण आहे, नियमाने तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलच्या वर आवाज जायला नको. मागच्या महिन्यात एक पहिलटकरीण रात्रभर कळा सोसून सकाळी मोकळी झाली, बाळ काही केल्या अंगावर प्यायला तयार नाही, तास-दीड तास खटपट करून एकदाचं त्याने तोंड लावलं, तिचेही डोळे मिटायला लागले, आणि खाली कुणीतरी तो गाण्याचा हॉर्न वाजवला. लांबलचक. बाळाने दचकून दोन्ही हात फाकले, मुठी उघडल्या आणि जे रडायला लागलं ते लालबुंद होईपर्यंत. तिच्याही डोळ्यांत पाणी. परत पहिल्यापासून सगळं. ज्याने वाजवला तो कधीच पुढे निघून गेला होता, त्याला सांगणार तरी कसं?

*

वरच्या नर्सबाईंचं वाचून पोटात कालवलं. मी स्वतः वीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतो म्हणून लिहितो. घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो, वरंध्यात, आंबेनळीत नाही दिला तर समोरून येणारी एसटी अंगावर येईल. पण शहरात सिग्नलला लाल दिव्याचे अजून आठ सेकंद बाकी असताना मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही, तो कशासाठी? दिवा काय त्याने लवकर हिरवा होतो का? मुंबई पोलिसांनी मध्ये काही सिग्नलला मशीन लावून बघितलं होतं, आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू, 2020 च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला ते मनापासून पटलं होतं. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' पण आपल्याकडे 2015 लाच बंद केलंय, तरी अजून दिसतं. मी शहरात शिरलो की अंगठा हॉर्नपासून लांबच ठेवतो, अगदीच कुणी आडवं आलं तरच.

*

आमच्या वरच्या मजल्यावर रोज रात्री साडेदहाला खुर्च्या सरकवायचे. कर्रर्र करून. आई आजारी, तिला कशीबशी झोप लागायची आणि त्याच वेळी हे. चार महिने आम्ही नुसते छताकडे बघत बसलो, शेवटी मी हार्डवेअरच्या दुकानातून खुर्चीच्या पायांना लावायची रबरी बुचं आणली, दोन डझन, आणि सरळ वर गेले. काकू म्हणाल्या, अगं आधी का नाही सांगितलंस, आम्हाला वाटलं खाली काही ऐकूच जात नसेल. त्याच रात्री बसवली त्यांनी. चार महिने आधी गेले असते तर आईला तेवढी झोप मिळाली असती, याचं वाईट वाटतं.

*

मी सध्या जर्मनीत. इथे रविवारी ड्रिलमशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. सुरुवातीला जाच वाटायचा, आता भारतात घरी आले की रविवार फार जड जातो.

*

काल रात्रीचीच गोष्ट सांगतो. कल्याण स्लो, पावणेअकरा वाजलेले, समोर एक बाई, मांडीवर झोपलेली मुलगी, आणि दाराजवळ एक कॉलेजचा पोरगा मॅचचे हायलाइट्स लावून उभा. हा धागा दुपारीच वाचला होता म्हणून धीर करून उठलो, जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, दादा, बाळ झोपलंय, जरा कमी करतोस का. त्याने मुलीकडे पाहिलं, सॉरी काका म्हणाला आणि फोन खिशात ठेवून दिला. डोंबिवली येईपर्यंत पोर झोपलेली होती.